कचेरी कुणाच्या डोक्यावर उभी राहते?

(नंदुरबार येथे महिला मंडळे, बचत गट आणि कार्यकर्त्या यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



वनहक्क, रेशन, घरातली मारहाण आणि मजुरी या विषयांच्या रांगेत मला बोलायला सांगितलं ते कचेरीच्या इमारतीबद्दल. सकाळी चहाच्या वेळी एका ताईंनी मला विचारलंच, "बाई, सिमेंट-लोखंडाशी आपला काय संबंध? ते साहेब आणि ठेकेदार बघतात." आज मला याच वाक्याबद्दल बोलायचं आहे.

मी स्थापत्य अभियंता आहे. इमारत उभी राहावी, पडू नये, तडकू नये याचं गणित मांडणं हे माझं काम. पहिल्या नोकरीत मी एका मोठ्या कार्यालयाच्या बांधकामावर होते. चार मजले, दोनशेच्या आसपास माणसं कामावर, त्यात साठ-सत्तर बायका. इमारतीच्या नकाशात प्रत्येक मजल्यावर संडास होते, पण ती बांधणाऱ्या आम्हा बायकांसाठी साइटवर एकही नव्हता. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी प्यायचं टाळायची. घमेलं वाहणाऱ्या बायकाही तेच करायच्या, आणि त्या तर उन्हात होत्या. माझ्या हातात डिग्री होती, त्यांच्या डोक्यावर चुंबळ होती, पण त्या एका बाबतीत आम्ही सारख्याच. तेव्हापासून कुठलीही इमारत बघितली की मी दोन हिशेब करते. ती कशी उभी आहे, हा पहिला. ती कुणी कसल्या हालात उभी केली आणि आता तिच्यात कोण कुठे उभं राहतं, हा दुसरा. आपल्याकडे पहिला हिशेब अभियंत्याचा आणि दुसरा चळवळीचा असं धरतात. माझं म्हणणं असं, की हे दोन्ही एकच आहेत, आणि दोन्ही तुम्हाला समजू शकतात.

घर भिंतींवर उभं नसतं

इमारत कशी उभी राहते हे अक्राणी-धडगावच्या बायकांना शिकवायची गरज नाही. पावरा-भिल्लांचं घर बांधताना आधी लाकडी खांब रोवतात, त्यांवर आडवी लाकडं, मग छपराचा सांगाडा. बांबूच्या कुडाच्या भिंती शेवटी. भिंत काढली तरी घर उभंच राहतं. आजच्या कार्यालयाच्या इमारतीचं तत्त्व हेच आहे. लाकडी खांबाच्या जागी काँक्रीटचा कॉलम, आडव्या लाकडाच्या जागी बीम, वर स्लॅब. भिंत फक्त आडोसा. स्लॅबचा भार बीमवर, बीमचा कॉलमवर, कॉलमचा पायावर आणि पायाचा जमिनीवर जातो. ही साखळी कुठेही तुटता कामा नये.

तुमच्या घराची आणखी एक गोष्ट. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे नर्मदाकाठची गावं उठली, तेव्हा अनेकांनी घरांचं लाकूड सोडवून बरोबर नेलं आणि वसाहतीत पुन्हा उभं केलं. विस्थापनाचं दुःख त्यानं कमी झालं नाही. पण वापरलेलं साहित्य पुन्हा वापरता येणं ही पर्यावरणपूरक बांधकामाची पहिली कसोटी मानतात, आणि त्या घरांनी ती कधीच पार केली होती. काँक्रीटचं तसं होत नाही. ते पाडलं की त्याचा राडारोडा होतो. म्हणून काँक्रीट वापरायचं तर ते पन्नास-साठ वर्षं टिकेल असंच वापरायला हवं.

आता जमीन. तापीच्या खोऱ्यात काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर उथळ पाया ठेवला तर दोन-तीन वर्षांत दाराच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते. ठेकेदार म्हणतो, "बाई, हा तर फक्त प्लास्टरचा तडा." तसं नसतं, खालची जमीन हललेली असते. उपाय जुने आणि माहितीचे आहेत. काळी माती ओलांडून मुरमापर्यंत जायचं, किंवा खाली फुगीर कंद असलेले खोल काँक्रीटचे खुंट घालायचे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं ही पद्धत आपल्याकडच्या काळ्या मातीसाठीच विकसित केली. खर्च थोडा वाढतो, पण इमारत दर पाच वर्षांनी दुरुस्तीला काढावी लागत नाही. जी वारंवार दुरुस्त करावी लागते तिला पर्यावरणपूरक कसं म्हणायचं?

दुसरा धोका भूकंपाचा. नर्मदा-तापीचा पट्टा शांत नाही. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. २६ जानेवारी २००१ ला भूकंप कच्छमध्ये झाला, पण दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत सत्तरच्या आसपास बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींचा तळमजला गाड्यांसाठी मोकळा सोडलेला होता. वर भिंती, खाली नुसते खांब. जमीन हलली की सगळा ताण त्या खालच्या खांबांवर येतो आणि ते मोडतात. आपल्या तालुक्याच्या गावांतही खाली दुकानं किंवा वाहनतळ आणि वर कार्यालयं असं बांधकाम वाढतं आहे. तिथे खांब अधिक मजबूत करायचे, ठरावीक जागी काँक्रीटच्या भिंती द्यायच्या, खांबांच्या रिंगा जवळजवळ बांधायच्या आणि त्यांची टोकं आत वळवायची. आत न वळवलेली रिंग भूकंपात उघडते. वाकवणाऱ्याचा अर्धा मिनिट वाचतो आणि वरच्या माणसांचा जीव जातो.

हे बायकांना कळत नाही असं कुणी म्हटलं तर किल्लारीचं उदाहरण द्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादेत जाड दगडी भिंतींची, वर मातीचं धाबं असलेली घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या सरकारी कार्यक्रमात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानं एक हजारांहून अधिक गावांत महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहाय्यक' झाल्या. लोकांना भूकंपापासून सुरक्षित बांधणी समजावून सांगणं, कामावर लक्ष ठेवणं, अधिकाऱ्यांना जाब विचारणं ही कामं त्यांनी केली. त्यातल्या कितीतरी जणी त्याआधी ग्रामसभेतही बोललेल्या नव्हत्या.

ऊन कोण सोसतं?

आता उष्णतेकडे येऊ. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांपर्यंत जातो. त्या महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे सगळ्यात जास्त तापतं ते छप्पर. सकाळी पूर्वेची आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते. दक्षिणेच्या भिंतीवर मे महिन्यात फारसं ऊन येत नाही. हिवाळ्यात येतं आणि तेव्हा ते हवंसंच असतं. एवढं लक्षात ठेवलं तर निम्मी रचना झाली. इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवायची, म्हणजे लांब बाजू उत्तर-दक्षिणेला येतात. खिडक्या त्याच बाजूंना, त्यांवर छज्जे. पश्चिमेला जिना, संडास, जुन्या दप्तराची खोली, म्हणजे माणसांच्या आणि उन्हाच्या मध्ये एक आडोसा येतो. गच्चीवर पांढऱ्या फुटक्या फरशीचे तुकडे किंवा चुन्याचा हात. मधे चौक, म्हणजे गरम हवा वर निघून जाते. आपला उन्हाळा कोरडा असतो, रात्री हवा थोडी निवते. रात्री खिडक्या उघडून जाड भिंती थंड केल्या तर त्या सकाळी उशिरापर्यंत थंडावा देतात. कोरड्या हवेत साधा कूलरही चांगलं काम करतो.

याउलट आजकाल 'आधुनिक कार्यालय' म्हटलं की समोर काचेची भिंत लागते. काच ऊन आत घेते आणि बाहेर सोडत नाही, मग ते बाहेर काढायला वातानुकूलन यंत्र लावायचं. ते यंत्र आतली उष्णता बाहेर फेकतं. बाहेर कोण असतं? दाखल्यासाठी, पेन्शनसाठी रांगेत उभी असलेली बाई. साहेबाच्या खोलीतली उष्णता तिच्या अंगावर येते. ही अतिशयोक्ती नाही, यंत्र चालतंच असं.

काचेशिवाय मोठी कार्यालयं होतच नाहीत, असं मात्र नाही. इथून रेल्वेनं काही तासांवर सुरत आहे. आपल्या भागातली कितीतरी कुटुंबं बांधकामावर आणि ऊसतोडीला त्या बाजूला जातात. सुरतेत १७ डिसेंबर २०२३ ला हिरे व्यापाऱ्यांच्या 'सुरत डायमंड बोर्स' या इमारतीचं उद्घाटन झालं. पंधरा मजल्यांचे नऊ मनोरे, सुमारे ६७ लाख चौरस फूट बांधकाम, चार हजारांहून अधिक कार्यालयं. अमेरिकेच्या पेंटॅगॉनपेक्षा हे बांधकाम मोठं आहे. 'मॉर्फोजेनेसिस' या दिल्लीच्या वास्तुसंस्थेनं ते रचलं, आणि तिच्या दोन संस्थापकांपैकी एक, सोनाली रस्तोगी, या स्त्री वास्तुविशारद आहेत. नऊ मनोरे एका लांब मार्गिकेनं जोडलेले आहेत. त्या मार्गिकेची टोकं अशी रुंदावलेली आहेत, की वाहता वारा आत ओढला जावा. तिथल्या फरशीखालून थंड पाण्याच्या नळ्या फिरवल्या आहेत, म्हणजे सगळी हवा थंड करत बसायला नको. मार्गिकेसारख्या सामायिक जागा वारा आणि सौर वीज यांवर चालाव्यात अशी रचना आहे. वातानुकूलन आहे ते मुख्यतः स्वतंत्र कार्यालयांत.

यातून शिकण्यासारखं आहेच. जिथून सगळे जातात-येतात ती जागा यंत्राविना सुसह्य करायची, हा विचार आपल्या तहसील कचेरीलाही लागू पडतो. पण दोन प्रश्न उरतात. उद्घाटनानंतरच्या काळात त्यातली बरीच कार्यालयं रिकामी असल्याच्या बातम्या आल्या. जी जागा वापरलीच जात नाही तिचं सिमेंट, लोखंड आणि पाणी खर्च झालेलंच असतं. मग ती कितीही हुशारीनं थंड केलेली असो. दुसरा प्रश्न असा, की हरित इमारतीला गुण देताना वीज, पाणी, साहित्य यांचा बारीक हिशेब होतो. साइटवरच्या कामगारांच्या सोयींचे थोडे गुण काही पद्धतींत असतात. पण घमेलं उचलणाऱ्या बाईच्या मजुरीचा, तिच्या पाठीचा आणि तिच्या तान्ह्या मुलाचा हिशेब त्या गुणपत्रिकेत सापडत नाही.

घमेल्याचा हिशेब

तो हिशेब आपण करू. हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा एक स्लॅब धरा. त्याला सव्वाचार ब्रासच्या आसपास काँक्रीट लागतं. एक ब्रास काँक्रीटचं वजन पावणेसात टन. भरलेलं घमेलं साधारण पंधरा ते वीस किलोचं. म्हणजे एका ब्रासला चारशेच्या आसपास आणि त्या एका स्लॅबला सतराशेच्या आसपास घमेली. मोठ्या शहरांत पंप आला आहे, तयार काँक्रीट गाडीतून येतं. आपल्याकडे लहान कामांवर अजूनही मिक्सर, शिडी आणि बायकांची रांग. तीन मजली लहान कचेरी म्हणजे असे कितीतरी स्लॅब. ही इमारत कुणाच्या डोक्यावर उभी राहते ते आता सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं, की काँक्रीट वाचवणं ही पर्यावरणाची गोष्ट आहे तशी बाईच्या मानेची आणि कंबरेचीही आहे. जगाच्या कर्बवायू उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा सिमेंटचा आहे. पन्नास किलोच्या एका पोत्यामागे तीस-चाळीस किलो कर्बवायू हवेत जातो. दोन खांबांतलं अंतर बेताचं ठेवलं तर बीम आणि स्लॅब जाड करावे लागत नाहीत. दर्शनी भागाला नुसत्या शोभेचे जाड खांब आणि कमानी दिल्या नाहीत तर तेवढा माल वाचतो. सिमेंटमध्ये राख मिसळलेली चालते, ३५ टक्क्यांपर्यंत. आपल्या खानदेशातच भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रातून अशी राख निघते.

आता पाण्याबद्दल. एका पोत्याला साधारण २५ ते २७ लिटर पाणी पुरतं, आणि त्यात वाळूतलं पाणीही धरायचं. माल पातळ केला की पसरायला सोपा जातो, म्हणून मुकादम म्हणतो, "आणखी दोन बादल्या टाक." ज्या बाईला हे सांगतो तिला कुणी सांगितलेलं नसतं, की त्या दोन बादल्यांनी काँक्रीटची ताकद घटते. नंतर त्याच काँक्रीटला पाणी मारायचं काम येतं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस ते ओलं ठेवावं लागतं. आपल्यासारख्या उष्ण, कोरड्या हवेत दहा, आणि राखेचं सिमेंट असेल तर चौदा. हे पाणी बाईच मारते, बहुधा बाकीची कामं आवरून. म्हणजे इमारतीची ताकद दोनदा तिच्या हातातून जाते. पण ती आयुष्यभर बिगारीच राहते, तिला बिगाऱ्याचीच मजुरी मिळते. तिच्यासमोर आलेला पोऱ्या पाच वर्षांत गवंडी होतो, आणि ती होत नाही. थापी हातात द्यायलाच कुणी तयार नसतं.

शकुंतला भगत यांनी १९५३ मध्ये मुंबईत स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. ती घेणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या स्त्रियांपैकी. पुढे त्यांनी पती अनिरुद्ध भगत यांच्यासह सुट्या भागांतून जोडता येणाऱ्या पुलांची पद्धत उभी केली. त्यांच्यानंतर सत्तर वर्षं होऊन गेली. मुली अभियंत्या झाल्या, पण गवंडी झाल्या नाहीत. या दोन दारांपैकी एकच उघडलं.

कायदा आणि कागद

शहाद्याला १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. दारूबंदीसाठी आदिवासी बायका रस्त्यावर आल्या. दुष्काळी कामांवर, पुढे रोजगार हमीवर सावली, पिण्याचं पाणी आणि पाळणाघर हे शब्द रुजले. रस्त्याच्या कामावर जे मागितलं ते इमारतीच्या कामावर का मागायचं नाही?

१९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. आता त्याची जागा २०२० च्या श्रमसंहितांनी घेतली असून त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. मूळ तत्त्व कायम आहे. बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी भरायचा. दहा कोटींची कचेरी असेल तर दहा लाख. पण लाभ मिळायला नोंदणी हवी, आणि नोंदणीला वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. चार महिने सुरतेत, दोन महिने उसात, उरलेले गावी असणाऱ्या बाईला तो कोण देणार? मुकादमाच्या वहीत तर तिचं नावही नसतं, नवऱ्याच्या नावापुढे 'जोडी' लिहिलेलं असतं. पाळणाघराचंही असंच. १९९६ च्या कायद्यात पन्नासहून अधिक बायका असल्या तरच ते बंधनकारक होतं. नव्या संहितेत आकडा पन्नासच, पण तो आता सगळ्या कामगारांचा धरायचा आहे. ही सुधारणा आहे. मात्र एकाच कामाचे चार ठेके केले की प्रत्येक ठेकेदाराकडे पन्नासपेक्षा कमीच माणसं दिसतात.

आपण काय विचारायचं?

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. तेव्हापासून कचेऱ्या बांधल्या जात आहेत, पुढेही बांधल्या जातील. तुमच्यापैकी काही जणी सरपंच आहेत, काही पंचायत समितीवर आहेत. ग्रामपंचायतीच्या कार्यालयाचा नकाशा तुमच्यासमोर सहीला येतो. सही करण्याआधी हे विचारा:

१. एवढी जागा खरंच लागते का? जुनी इमारत दुरुस्त होणार नाही का?

२. खाली काळी माती किती खोल आहे, आणि पाया कशावर टेकणार?

३. भूकंपाचा विचार केलेलं आराखड्याचं गणित कुणी केलं? त्याची सही दाखवा.

४. पश्चिमेला काय आहे? काच असेल तर का?

५. कामासाठी येणाऱ्या लोकांनी कुठे बसायचं? तिथे सावली, पंखा, पाणी आहे का? बायकांचा संडास कुठे आहे, आणि त्याची किल्ली कुणाकडे राहणार? चाकाच्या खुर्चीवरची बाई आत कशी जाणार?

६. गच्चीवरचं पावसाचं पाणी कुठे जाणार?

७. काम सुरू होण्याच्या पहिल्या दिवशी साइटवर संडास, पिण्याचं पाणी आणि मुलांसाठी सावली असेल का? बायकांची नावं हजेरीत स्वतंत्र लागतील का? नव्वद दिवसांचा दाखला कोण देणार?

८. या कामावर किमान दोन बायकांना गवंडीकाम शिकवणार का?

यातला शेवटचा प्रश्न ऐकून लोक हसतील. हसू द्या. पाचवा विचारलात तर बहुधा उत्तर येईल, "ते नंतर बघू." पण काँक्रीट घातल्यावर नंतर काही बघता येत नाही. संडास नकाशात नसेल तर तो पुढे कधीच होत नाही, आणि झाला तरी इमारतीच्या मागे, अंधारात होतो. म्हणून प्रश्न नकाशाच्या वेळी विचारायचा.

त्या पहिल्या साइटवर मी शेवटी तक्रार केली. मला एकटीला शेजारच्या घरात जायची सोय करून दिली गेली. मी ती घेतली आणि गप्प बसले. बाकीच्या साठ-सत्तर जणींचं काय, हे मी तेव्हा विचारलं नाही. ते आज तुमच्यासमोर सांगते आहे, कारण एकटीला मिळालेल्या सोयीनं प्रश्न सुटत नाही, फक्त एक तक्रार कमी होते. तुम्ही मंडळं बांधलेली आहेत. नकाशा समोर आला की तो जमिनीवर पसरा, पाच जणींनी मिळून बघा, समजलं नाही ते पुन्हा पुन्हा विचारा. सांगायला मी येईन, माझ्यासारख्या आणखीही येतील.

सकाळच्या ताईंना माझं उत्तर एवढंच. सिमेंट-लोखंड साहेब आणि ठेकेदार बघतात हे खरं. पण ते वाहून नेतो आपण, आणि बांधून झाल्यावर त्याच्या दाराशी उन्हात उभ्याही आपणच राहतो. तेव्हा बघायचंही आपणच.